क्षच्या नावे

पावशेर शेंगदाण्यांची पुडी बांधायला मी तेराव्या वर्षी शिकलो. वर्तमानपत्राचा चौकोन तिरका धरायचा, एक टोक आत दाबून त्याचा शंकू वळायचा, दाणे ओतायचे आणि वर उरलेली टोकं एकात एक खोचायची. वरून दोऱ्याचे दोन वेढे. नानांनी बांधलेली पुडी सायकलवरून पडली तरी सुटत नसे. माझ्या पहिल्या दहा-बारा दुकानाच्या पायरीवरच सुटल्या. सांडलेले दाणे नाना स्वतः वेचून खात; ते आमच्या खात्यावर लिहीत नसत.

आमचं खातं हेच मी तिथे असण्याचं कारण होतं. वडील चाळीसगावच्या एका जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागत, उन्हाळा तापला की बंद होत. मग पुढच्या हंगामापर्यंत मिळेल ती हमाली. पोट मात्र बाराही महिने लागायचं. मधल्या रिकाम्या महिन्यांचा सगळा फरक नानांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत साठत जायचा. 1978 च्या पावसाळ्यात तो 412 रुपयांवर गेला. एका संध्याकाळी आई मला घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “नाना, पोराला संध्याकाळचा पाठवते. तुमच्या हाताखाली राहील. तुम्हाला वाटेल ते वजा करा.”

नाना वाण-सामानाचं दुकान चालवायचे. सगळी पेठ त्यांना नाना म्हणे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कितवीत रे भो?”

“आठवीत.”

“हिशेब येतो?”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाही माहीत नव्हतं.

“रोजचे आठ आणे,” नाना आईला म्हणाले. “रविवारी सुट्टी नाही.”

घरी जाताना मी आयुष्यातला पहिला स्वतःहून केलेला हिशेब केला. रोजचे आठ आणे, म्हणजे 412 रुपये फिटायला 824 दिवस. आणि ते कधी? मधे एक चिमूट हळदसुद्धा उधार आणली नाही तर. मी रस्त्यातच रडलो.

शाळेत त्या वर्षी भूमिती नावाचं संकट नव्यानेच गंभीर झालं होतं. त्रिकोण काढलेला असे, एक-दोन कोनांवर काहीतरी लिहिलेलं असे, आणि खाली आज्ञा: उरलेले कोन काढा. मी कंपास पेटीतला कोनमापक पुस्तकातल्या आकृतीवर ठेवायचो आणि दिसेल तो आकडा लिहायचो. एकदा 58 लिहिलं, उत्तर 60 होतं. सरांनी लाकडी पट्टी हातावर मारून सांगितलं, “कोन मोजायचा नाही, काढायचा.” मोजणं आणि काढणं यांत फरक काय, हे त्यांनी सांगितलं नाही. कदाचित साठ पोरांच्या वर्गात ते सांगायला वेळ नसेल. पण मला वाटायचं, त्यांच्या घरी चांगला कोनमापक असावा.

दुकानात साडेसातनंतर गिऱ्हाईक कमी होई. मी गल्ल्याजवळ गोणपाटावर वही उघडून बसायचो. एक दिवस नाना वाकून म्हणाले, “हाई काय शे?” गिऱ्हाइकांशी ते अहिराणी बोलत आणि वहीशी मराठी, माझ्याशी दोन्ही.

गणित असं होतं: त्रिकोणाचा दुसरा कोन पहिल्याच्या दुप्पट आहे, तिसरा पहिल्यापेक्षा 20 अंशांनी मोठा आहे, तर तिन्ही कोन काढा. आकृतीच नव्हती, त्यामुळे कोनमापक ठेवायलाही जागा नव्हती.

नानांनी ते दोनदा वाचलं. “त्रिकोणात एकूण किती?”

“180.” एवढं पाठ होतं.

“मग तीन भाऊ समज. 180 रुपये वाटायचेत. मधल्याला धाकट्याच्या दुप्पट पाहिजेत, थोरला म्हणतो मला धाकट्यापेक्षा 20 जास्त. कर वाटणी.”

मी बोटांवरच केली. थोरल्याचे 20 आधी बाजूला काढले. उरले 160. त्यात धाकट्याचा एक वाटा, मधल्याचे दोन, थोरल्याचा एक, चार वाटे. एकेक 40. म्हणजे 40, 80 आणि 60.

“मग इथे अडला कशापायी होतास?”

“इथे अंश आहेत ना, नाना.”

नाना एवढे हसले की समोरचा सायकलवाला वळून बघायला लागला.

पुढे कितीतरी दिवस ते मला गणित न सांगता वाटण्याच सांगत होते. आमच्या घरात वाटणी हा शब्द हलका नव्हता. वडील तिघांतले धाकटे. गावाकडच्या जमिनीतला खडकाळ तुकडा त्यांच्या वाट्याला आला होता आणि तो विकूनच आम्ही शहरात आलो होतो. नानांना हे ठाऊक होतं. तरी ते धाकट्याचं नाव घेत, बहुतेक मुद्दामच. “कोनांच्या वाटणीत कोर्ट नाही,” एकदा म्हणाले. “एकाने दोन अंश जास्त ओढले तर दुसऱ्या दोघांचे तेवढेच कमी होणार. आणि ते कागदावर दिसणार. लपवता येत नाही.”

पण 180 च का? हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. त्यांनी पुड्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला, कात्रीने वाकडातिकडा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि गल्ल्याच्या लाकडी काठाला टोकं जुळवून शेजारी-शेजारी ठेवले. तिन्ही मिळून काठाला बरोबर चिकटले. फट नाही, चढाओढ नाही. मी दुसरा त्रिकोण कापला, लांबुडका. तोही बसला. तिसराही. “सरळ रेघ म्हणजे अर्धं वर्तुळ,” नाना म्हणाले. “अख्ख्या वर्तुळाचे 360. पंचांगात बघ, बारा राशी, राशीला 30 अंश. अर्ध्याचे 180.” ही मोजदाद बाबिलोनी लोकांच्या साठाच्या हिशेबातून जगभर पसरली, हे मी खूप पुढे वाचलं. तोवर माझ्यासाठी अंश हे पंचांगवाल्यांनी ठरवलेलं माप होतं.

“पण चौथा नाही बसला तर?” मी विचारलं. हा प्रश्न विचारल्याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

नानांनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर वरच्या फळीच्या खालच्या कडेला त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता. खिळ्यावरून पुडीचा दोरा घेतला, दोन्ही टोकं खाली गल्ल्याच्या काठावर दोन ठिकाणी दाबून धरली. वर फळी, खाली गल्ला, एकमेकांना समांतर. मधे दोऱ्याचा त्रिकोण. “डाव्या पायापाशी दोरा गल्ल्याशी जेवढा कोन करतो तेवढाच वर फळीशी डावीकडे करतो. उजव्याचं तसंच उजवीकडे. आता वर खिळ्यापाशी बघ, किती कोन जमले?” तीन. डावा, मधला, उजवा. आणि तिघांची मिळून फळीची सरळ रेघ. मग त्यांनी उजवा पाय सरकवत पार गल्ल्याच्या टोकाला नेला. त्रिकोण आडवा-तिडवा झाला, फळी होती तिथेच राहिली. “आता चौथा नाही बसणार कसा?”

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं बत्तिसावं विधान हेच सांगतं. तिथे फळी नाही, शिरोबिंदूतून काढलेली समांतर रेषा आहे. शाळेत त्याचं पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं चौपदरी लुगडं नेसवलेलं असे. ते लुगडं मला पुढे सुंदर वाटायला लागलं, पण आधी दोरा पाहिला नसता तर ते कुणाच्या अंगावर आहे हे कळलं नसतं.

नाना कोण होते म्हणाल तर मराठी सातवी, म्हणजे त्या वेळची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले दुकानदार. मास्तर व्हायचं होतं. वडील अचानक गेले आणि ते गादीवर बसले. एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं, तेही तांदूळ पाखडता पाखडता. त्यांच्या शाळेतले त्रिकोण अबक होते आणि अज्ञात संख्या क्ष. आमच्या पुस्तकात एक्स आला होता. मी एक्स म्हटलं की ते क्ष म्हणायचे, सुधारायचे नाहीत, नुसतं म्हणायचे. शेवटी मीच क्ष म्हणायला लागलो.

आणि या क्षचंच मला सगळ्यात अवघड जायचं. सरांची वाक्यं ‘समजा एक्स’ अशी सुरू होत. जे माहीतच नाही ते समजायचं कसं? मला ती लबाडी वाटे. वाटण्या तोंडी जमायच्या, लिहायला बसलं की ‘समजा’पाशी गाडी थांबायची. मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लाल वही उघडली आणि एक कोरं पान दाखवलं. वर फक्त लिहिलं होतं: स्टेशनकडचा लंगडा हमाल.

“याचं नाव मला माहीत नाही. किती नेणार तेही माहीत नाही. पण खातं उघडलं. खातंच नसेल तर पुढच्या वेळी लिहू कुठे? क्ष म्हणजे खात्याचं नाव. रक्कम मागून येते. नाव आधी.”

मग म्हणाले, “ज्याच्या नावे काही लिहिलं नाही, त्याच्याकडून वसूल काय होणार?”

बीजगणित मला त्या पानावर कळलं. पुढच्या आयुष्यात अनेक समीकरणं लिहिली, त्यांतली काही पानभर लांब होती; पहिली ओळ लिहिताना दर वेळी तो हमाल पायरीशी येऊन उभा राहतो.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि एकाहून जास्त अज्ञातं आली की त्यांना रंगांची नावं देतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी. हे वाचलं तेव्हा मला रंगीत पुठ्ठ्यांच्या वह्यांची उतरंड दिसली. त्याहूनही जुनी गोष्ट म्हणजे ब्रह्मगुप्तांनी 628 साली अधिक-उण्याचे नियम सांगितले ते धन आणि ऋण या शब्दांत. आपण आजही ऋण संख्या म्हणतो आणि त्यातलं कर्ज ऐकू येईनासं झालंय. नानांना ते ऐकू येत होतं. वजा पाच म्हटलं की ते “पाच नावे” म्हणत, अधिक पाच म्हटलं की “पाच जमा”. समीकरण समजवायला सगळे तराजूची उपमा देतात. आमच्याकडे उपमा नव्हती, तराजूच होता, आणि त्याचं एक पारडं किंचित हलकं होतं म्हणून नाना त्याला चिंचेचा गोळा चिकटवत. त्यांनी तो गणितासाठी कधी वापरला नाही. त्यांचं समीकरण खात्यांवर चालायचं: डाव्या पानाची बेरीज, उजव्या पानाची बेरीज, दोन्ही सारख्या आल्याशिवाय जेवायला उठायचं नाही.

संख्या एका बाजूकडून दुसरीकडे नेताना अधिकची वजा का होते, हे मला पुन्हा पुन्हा विसरायला होई. त्या जुलैत मुंबईत वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं होतं आणि पुलोदचं आलं होतं. रोजच्या पेपरात, म्हणजे माझ्या पुड्यांच्या कागदात, कोण कुणाला सोडून गेला याच्याच बातम्या. नानांनी एक कागद उचलला, फोटोवर बोट ठेवलं. “पक्षांतर. बाजू बदलली की चिन्ह बदलतं.” पुन्हा कधी विसरलो नाही.

नानांची स्वतःची गणितं पाढ्यांतून यायची. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी त्यांना तोंडपाठ होती आणि ती आम्हाला शाळेत शिकवत नाहीत याचं त्यांना खरंच दुःख होतं. म्हणून त्यांनी एक त्रिकोण तयार केला: दुसरा कोन पहिल्याच्या दीडपट, तिसरा अडीचपट, सगळ्यात मोठा कोन किती? मी लिहिलं, समजा पहिला कोन क्ष. क्ष, दीड क्ष, अडीच क्ष, मिळून पाच क्ष. पाच क्ष बरोबर 180. क्ष बरोबर 36. खाली दोन रेघा मारल्या आणि वही पुढे केली.

“गिऱ्हाइकाने मागितलं काय होतं?”

मी पाहिलं. मोठा कोन.

“त्याने गूळ मागितला, तू त्याला वजनाचं माप दिलंस. क्ष सापडला म्हणजे काम झालं नाही, भो. क्ष तुझ्या सोयीसाठी होता. त्याला त्याचा गूळ दे.”

36 ची अडीचकी 90. काटकोन. मधला 54. “आता ताळा.” 36, 54, 90, 180. ताळा केल्याशिवाय नाना वही हातात घेत नसत. बोर्डाच्या परीक्षेत मला ज्या सवयीने मार्क दिले ती ही. हुशारीने दिले असते तर मला जास्त आवडलं असतं, पण तसं झालं नाही.

एकदा मी स्वतः गणित रचलं. पहिला क्ष, दुसरा त्याच्या तिप्पट, तिसरा पहिल्यापेक्षा 200 ने मोठा. नाना काही बोलले नाहीत. सोडवलं तर पाच क्ष बरोबर वजा 20, आणि क्ष बरोबर वजा चार. “चार नावे,” नाना म्हणाले. “म्हणजे हा कोन उधारीवर आणलाय. उधारीवर गूळ मिळतो, कोन नाही.” गणित चुकलेलं नव्हतं, पायरीगणिक बरोबर होतं, तसा त्रिकोणच नव्हता. माकडांच्या कळपाचं भास्कराचार्यांचं कोडं आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग करावा, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन येतात, 50 आणि 5. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा होतील कसे? आचार्य ते दुसरं उत्तर घेत नाहीत. लोकांना अशा ऋण गोष्टीचा भरवसा वाटत नाही, असं कारण देतात. शास्त्राचा आधार न देता लोकांचा दिला. पेठेतलं कारण आहे ते.

आता एका पावसाच्या संध्याकाळबद्दल.

सरांनी वर्गात एक गणित फळ्यावर काढलं आणि “हे कुणाला येणार नाही” असं सांगून तास संपवला. त्रिकोण अबक. अब आणि अक या बाजू सारख्या. अकवर ड बिंदू असा, की अड, डब आणि बक तिन्ही लांबीने सारख्या. कोन अ किती? बस्स. पूर्ण गणितात एकही आकडा नाही. अंश नाहीत, सेंटिमीटर नाहीत, दुप्पट-तिप्पट नाही. मला तो अन्याय वाटला. काहीच दिलं नाही तर काढायचं कशातून?

नानांनाही ते आलं नाही. हे लिहायला हवं, कारण लोक अशा आठवणीत गुरूला सर्वज्ञ करून टाकतात. तीन दिवस ती आकृती गल्ल्यावर खडूने काढलेली होती आणि गिऱ्हाइकं तिच्यावर पिशव्या ठेवत होती. चौथ्या दिवशी धो-धो पाऊस, लाईट गेलेली, कंदिलाच्या उजेडात दोघेच. नानांनी आगपेटीतून तीन काड्या काढल्या. खडूच्या दोन लांब रेघा अपासून निघाल्या होत्या. पहिली काडी अपासून उजव्या रेघेवर निजवली, दुसरी तिच्या टोकापासून डाव्या रेघेला टेकवली, तिसरी तिथून परत उजवीकडे. नागमोडी.

“नाव दे,” नाना म्हणाले. “रक्कम मागून.”

कोन अ म्हणजे क्ष. पहिल्या दोन काड्या सारख्या, म्हणून दुसऱ्या काडीच्या डाव्या टोकापाशी रेघेशी होणारा कोनही क्ष. इथवर आधीही आलो होतो. मी पुढे बघत बसलो. कौलांवर पाऊस इतका वाजत होता की नाना काय पुटपुटतात ते ऐकू येत नव्हतं. ड पाशी बाहेर जो कोन उरतो, तो कुणाचा? त्याचं खातं कुठलं? आणि मग मला फळीवरचा खिळा दिसला. आतला कोन अधिक बाहेरचा, 180. आतला कोन अधिक दुसरे दोन, 180. दोन्ही पानांची बेरीज एक, आतला कोन दोन्ही पानांवर सारखाच. तो दोन्हीकडून खोडला तर बाहेरचा म्हणजेच दुसरे दोन. क्ष आणि क्ष. दोन क्ष!

“दोन क्ष, नाना, इथे दोन क्ष आहे!”

दुसरी आणि तिसरी काडी सारखी, म्हणून क पाशीही दोन क्ष. मोठ्या त्रिकोणात अब आणि अक सारख्या, म्हणून ब चा अख्खा कोनही दोन क्ष. एक, दोन, दोन. पाच क्ष बरोबर 180.

36.

एकही आकडा न दिलेल्या गणितातून 36 निघाला. नानांनी काड्या तशाच ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “ताळा?” 36, 72, 72. त्यांनी मान डोलावली, तिसरी काडी उचलून विडी पेटवली, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आकृती मोडली. “हात् तिच्या,” म्हणाले. मी त्यांना दुसरी काडी दिली. त्यांनी ती पहिलीशेजारी मापून, टोकाला टोक लावून पाहिली आणि मग जागेवर ठेवली.

युक्लिडने चौथ्या पुस्तकात हाच त्रिकोण काढायची रीत दिली आहे आणि त्याच्यावरून वर्तुळात नियमित पंचकोन काढला आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी वस्तू आमच्या गल्ल्यावर तीन दिवस पिशव्यांखाली पडून होती.

मी दहावी झालो, पुढे सर्वेक्षणाचं शिक्षण घेतलं. आठवीपासून दहावीपर्यंत रोजचे आठ आणे वजा होत होते, वडलांचे रिकामे महिने जमा होत होते, आणि खातं मुळीच संपत नव्हतं. नोकरीचा पहिला पगार घेऊन दुकानात गेलो तेव्हा बाकी 188 रुपये 50 पैसे होती. मी शंभराच्या दोन नोटा गल्ल्यावर ठेवल्या. नानांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, गल्ल्यात टाकल्या, अकरा रुपये पन्नास पैसे मोजून परत दिले आणि वहीत बाकी शून्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्या एका मित्राला हे रुक्ष वाटतं. त्याच्या मते नानांनी पैसे घ्यायला नको होते. मला तसं वाटत नाही. त्यांनी ते सोडून दिले असते तर वडील त्या पेठेतून खाली मान घालून फिरले असते. त्या संध्याकाळी वडील मुद्दाम दुकानावरून गेले, काही न घेता, आणि नानांनी त्यांना हाक मारून चहा पाजला.

नोकरीत माझं काम त्रिकोणांचंच. टेकडीवर थिओडोलाइट लावायचा, लांबच्या दोन टेकड्यांवरच्या खुणांमधला कोन वाचायचा, मग पुढची टेकडी. सर म्हणाले होते कोन मोजायचा नाही. मला आता पगार मोजण्याचाच मिळत होता. पण मोजलेल्या तिघांची बेरीज 180 येते का, हा ताळा केल्याशिवाय वही बंद होत नसे, आणि काही विकला, म्हणजे अंशाचे बारीक तुकडे, कमी-जास्त आल्या की त्या तिघांत वाटायच्या. पुन्हा वाटणी. कामानिमित्त हिंगणघाटला गेलो तेव्हा विल्यम लॅम्बटनची कबर पाहून आलो. 1802 साली मद्रासेत त्याने हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायला घेतला, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरांवर चढवला आणि 1823 मध्ये काम अर्धवट टाकून इथे मेला. त्या यंत्राचं कोन वाचायचं वर्तुळ 36 इंचांचं होतं. हा आकडा माझी पाठ सोडत नाही.

शेवटचं नानांना भेटलो ते नवरात्रात. मी पाटणादेवीला जाऊन आलो होतो. तिथल्या देवळातल्या शिलालेखाविषयी त्यांना सांगितलं. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. 1207 च्या सुमारास भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, त्याला मिळालेली दानं त्यावर कोरली आहेत. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर आणि घाण्यांमागे तेल मठाला लावून दिलं आहे.

“म्हणजे गणिताला पैसा बाजाराने दिला,” नाना म्हणाले. दुकान आता मुलगा बघत होता. ते बाजूला खुर्चीवर बसून पुड्यांचे कागद कापत होते. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या होत्या तरी कापत होते.

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी बरेच दिवस सांगायची राहिली होती. जमीन सपाट नाही, गोल आहे. म्हणून टेकड्या-टेकड्यांवरून केलेल्या मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बरोबर 180 येतच नाही. यंत्र कितीही चांगलं असो, किंचित जास्तच यायला हवी. फळी आणि गल्ला इथे समांतर आहेत, तिथे नाहीत.

नानांची कात्री थांबली. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं.

“त्रिकोण मोठा केला की जास्त वाढतं?”

“हो. क्षेत्रफळाच्या हिशेबात. जेवढी जमीन, तेवढं जास्त.”

“मग ते व्याज झालं,” नाना म्हणाले. “दर काय?”

“साधारण दोनशे चौरस किलोमीटरला एक विकला.”

अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. त्यांनी डोळे मिटून मनात कुठलातरी पाढा म्हटला.

“स्वस्त आहे,” ते म्हणाले, आणि मला कात्री देऊन गठ्ठ्यातला उरलेला अर्धा भाग माझ्याकडे सरकवला.